नंबर नसलेलं इंजिन

वकीलसाहेबांनी मला मोटारसायकल विकली तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते आणि मी उभा होतो. बोलणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मी उभाच होतो. त्याचा राग मला त्या दिवशी आला नाही. उलट एवढा मोठा माणूस आपल्याला त्याची गाडी देतो आहे याचंच अप्रूप वाटलं. आज तो प्रसंग आठवला की वकीलसाहेबांआधी मला माझाच राग येतो. पंचविशीचा होतो, सरकारी नोकर होतो, पायांत बूट होते, आणि तरी दर वाक्याला 'जी साहेब, जी साहेब' करत होतो.

नोकरी देवी टोचण्याची. माझं ठाणं मुकुटबनला होतं आणि माझ्याकडे झरी जामणीच्या जंगलातली गावं आणि कोलामांचे पोड होते. पोड म्हणजे त्यांची वस्ती. पंधरा-वीस झोपड्या, मधे एक मोकळी जागा. लस वणीहून आणायची, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये. बर्फ वितळायच्या आत पोडावर पोचलं तर लस जिवंत, नाहीतर ते नुसतं पाणी. सायकलवर ही शर्यत मी हरत होतो. वरिष्ठांकडे वाहन मागितलं तर त्यांनी हसून विचारलं, "हत्ती देऊ का?"

आमचा तांडा बाभुळगावच्या बाजूला. पूर्वी आमची माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. माझ्या आजोबांच्या वेळी ती इथे नांगराला लागली. तांड्याला लागूनच वकीलसाहेबांचा संत्र्यांचा बगीचा होता आणि माझी याडी, म्हणजे माझी आई, त्या बगीच्यात मजुरीला जायची. तिच्यामुळेच मला कळलं, की वकीलसाहेबांच्या गोठ्यात त्यांच्या वडिलांची विलायती फटफटी पडून आहे आणि ते ती काढायच्या विचारात आहेत.

गाडी युद्धाच्या आधीची. पुढच्या चाकावर दोन दांड्यांच्या मधे एक जाडजूड स्प्रिंग, गिअरचा दांडा टाकीला लावलेला, सीटमध्ये उंदरांनी केलेलं घर. चाकं गंजली होती. पण इंजिनाला काळा रंग दिलेला होता आणि किक मारल्यावर ते चौथ्या खेपेला सुरू झालं.

"इंजिन नव्यासारखं आहे," वकीलसाहेब झोपाळ्यावरून म्हणाले. "आणि तेल तर पीतच नाही. तेलाची टाकी एकदा भरली की वर्षभर बघायला नको."

मी 'जी साहेब' म्हणालो. जगात असं इंजिन नसतं हे मला कुठे ठाऊक होतं?

गाडी बैलगाडीत घालून मी यवतमाळला नेली. तिथे बसस्टँडच्या मागे एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. हयात ट्रक आणि बसगाड्यांत गेलेली. मोटारसायकलीला ते सहसा हात लावत नसत. पण ही जुनी चीज पाहून खुलले. दोन महिने त्यांनी तिच्यावर घातले. चाकांचे गज नवे ओढले, टाकीचा पोचा काढला, सीट मोच्याकडून शिवून आणली, स्प्रिंग खरवडून चकचकीत केली. मी सुटी मिळेल तेव्हा यायचो आणि पॉलिश पेपर घासत बसायचो. इंजिन मात्र खोललं नाही. ते चालू होतं, साहेबांनी नव्यासारखं आहे म्हटलं होतं, खोलायचं कशाला? या एका गोष्टीवरून चाचा पुढे स्वतःला किती शिव्या देत होते ते मी ऐकलं आहे.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. पेट्रोलची टाकी आणि इंजिन यांच्या मधे माझा अख्खा हात जाईल एवढी मोकळी जागा होती. मी विचारलं, तर चाचा म्हणाले, "विलायती लोकाइचं काही सांगता येत नाही बेटा. हवेसाठी सोडली असंन."

उन्हाळ्याच्या तोंडाला मी ती गाडी घेऊन मुकुटबनला गेलो. वाटेत ती सहा वेळा बंद पडली. नऊ-दहा मैल चालायची, मग आवाज जड व्हायचा, सिलेंडरवरून जळका वास यायचा आणि ती थांबायची. पाऊण तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. मला वाटलं नवी आहे, अंग मोकळं होईल.

मग तो दिवस आला. वणीहून लस घेतली, सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ घेतला आणि जंगलातल्या एका लांबच्या पोडाकडे निघालो. तिथे बाजूच्या दोन पोडांची मिळून चाळीसेक पोरं गोळा करून ठेवायला सांगितलं होतं. गाडी नवव्या मैलावर जी बसली ती दोन तास हललीच नाही. पळसाखाली मी थर्मास शर्टाने गुंडाळून मांडीवर घेतला आणि त्या इंजिनाकडे नुसता पाहत राहिलो. हात लावला तर चटका बसत होता. मी त्याला लाथ मारली. माझ्याच बुटाचं चामडं करपलं.

दुपार उलटून गेल्यावर पोडावर पोचलो. थर्मास उघडला, तर आत बर्फ नव्हताच, कोमट पाणी होतं. पोरं सकाळपासून उन्हात बसलेली. बायका कामं सोडून थांबलेल्या. मला परत फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही. कदाचित चालेल, असं मनाशी म्हणत मी चाळीस पोरांना टोचलं आणि चाळीस पोरं रडली.

आठ दिवसांनी फोड पाहायला गेलो. एकाच्याही हातावर फोड नव्हता. लस मेलेली होती.

पोडाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "तुही सुई खोटी आहे. लेकरायले उगाच रडोलं."

मी ताजी लस घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा झोपड्यांची दारं लागलेली होती. तिसऱ्या खेपेला पहाटेच निघून पायी गेलो, आणि त्या पुढाऱ्यासमोर मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. गाडी बंद पडली, बर्फ वितळला, मला ठाऊक होतं तरी मी टोचलं. तो उठला आणि स्वतःच्या नातवाला घेऊन आला. त्या वर्षी त्या पोडावर देवी आली नाही, हे माझं नशीब. त्यात माझी हुशारी काडीची नाही.

गाडी ओढत-ढकलत मी परत चाचांकडे आणून टाकली आणि तोवर निदान कागद तरी नावावर करून घ्यावेत म्हणून मोटारींच्या कचेरीत गेलो. तिथले एक इन्स्पेक्टर वर्कशॉपवर आले. कागदावर इंजिनाचा नंबर होता. ते टॉर्च घेऊन वाकले, सगळीकडून पाहिलं, खालून बोट फिरवलं आणि उठून उभे राहिले.

"नंबर नाही. खाली दोन ठिकाणी कानशीने घासलेलं आहे. नंबर काढून टाकलाय."

"साहेब, मी तर अशीच घेतली."

"गाव?"

मी तांड्याचं नाव सांगितलं. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याशी बोलायचं सोडून चाचांशी बोलायला लागले, जणू मी तिथे नव्हतोच. तांड्याचं नाव ऐकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय बदलतं ते मी शाळेपासून ओळखतो. मास्तरांची पेन्सिल हरवली की आधी माझं दप्तर उलटं व्हायचं.

प्रकरण पोलिसांत गेलं. वकीलसाहेबांना विचारणा झाली. मी निर्धास्त होतो. साहेब सांगतील की बाबा गाडी अशीच होती, आणि सगळं मिटेल. त्यांचं उत्तर आलं ते ठाण्यातल्या जमादाराने मला वाचून दाखवलं. अक्षर सुंदर होतं. लिहिलं होतं, की विकतेवेळी गाडीत कागदावर नमूद असलेलंच मूळ इंजिन होतं. त्यानंतर घेणाऱ्याने त्याचं काय केलं याची आपल्याला कल्पना नाही.

जमादाराने कागद खाली ठेवला. "कुठे विकलं बे मूळ इंजिन?"

"मी नाही विकलं."

"मंग काय उडून गेलं?"

मला तिथे काय काय बोलायचं होतं! मी फक्त घाम पुसला. शेवटी ठरलं ते असं: गाडी वर्कशॉपमधून हलवायची नाही, आणि चौकशी पुरी होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी सोमवारी मी ठाण्यात हजेरी लावायची. सरकारी नोकर असून. जंगलातून बसने यवतमाळला यायचं, बाकावर बसायचं, नाव सांगायचं, सही करायची, परत जायचं. बाकावर माझ्या शेजारी कधी खिसेकापू असायचा, कधी बायकोला मारणारा. सोळा-सतरा सोमवार मी असे काढले. एकदा माझ्या कचेरीतला कारकून रस्त्यावरून जाताना थांबला, मला पाहिलं आणि सायकल वळवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

पहिल्या सोमवारी मी ठाण्यातून तसाच चाचांकडे गेलो आणि फाटकाशीच ओरडलो, "चाचा, हे इंजिन कोन्त्या गाडीचं आहे ते मले सांगा. कोनाचं चोरलं, कोनाचं नाही, सगळं काढा बाहेर."

चाचा चहा पीत होते. म्हणाले, "हलवाचं नाही म्हनले ना ते? खोलाचं नाही असं त कोनी म्हनलं नाही."

आणि त्यांनी पाना उचलला.

सगळ्यात आधी त्यांनी सीटखालच्या तेलाच्या टाकीची नळी सोडवली. नळी इंजिनापर्यंत येत होती, पण इंजिनात शिरत नव्हती. तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती आणि वरून काळा रंग. टाकीतलं तेल वर्षभर का संपत नव्हतं ते कळलं. ते कुठे जातच नव्हतं.

चाचांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते रागावले की गप्प व्हायचे. त्या दिवशी त्यांनी ती खुंटी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दोन महिने हे माह्या डोयाम्होरं होतं. मी पाह्यलं नाही. चाळीस वर्सं मिस्त्री म्हनवतो सायाचा!"

मग इंजिनाचं पोट उघडलं. पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाला लोखंडाची एक छोटी पळी बसवलेली होती. इंजिनाच्या तळात थोडं तेल साचवायचं. दांडा फिरला की पळी तेलात बुडणार आणि ते उडवून सगळीकडे शिंपडणार. चाचांनी ती पळी बोटाने वाजवली. "हे फटफटीचं नाही. अशी पयी एका जागी बसून राह्यनाऱ्या मशीनले राह्यते. चक्कीले, पंपाले. पन हे चक्कीचंही नाही. चक्कीचं याच्याहून भारी राह्यते."

मग काय आहे? ते त्यांनाही सांगता येईना, आणि खरी दमछाक तिथून सुरू झाली. जो कोणी वर्कशॉपवर यायचा तो वाकून पाहायचा आणि छाती ठोकून सांगायचा. एका ट्रक ड्रायव्हरच्या मते ते जर्मन होतं. एक निवृत्त कंपाउंडर म्हणाला विमानातलं आहे. मी इंजिनाचं चित्र काढून, सगळी मापं घेऊन नागपूरला एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने त्या कंपनीचं जुनं पुस्तक काढलं. पुस्तकातलं इंजिन उंच होतं, सिलेंडर थेट टाकीला भिडलेलं. आमचं बुटकं. तो म्हणाला, "या कंपनीने असलं इंजिन कधी बनवलेलं नाही. कोणी गंडवलं तुम्हाला?" दुकानात इतर गिऱ्हाइकं होती. ती हसली.

मी पुस्तकातल्या इंजिनाचंही चित्र काढून घेतलं. आपलं हरवलेलं माणूस कसं दिसतं ते तरी ठाऊक असावं.

थंडीत वणीला जत्रा भरली. मी लस घ्यायला गेलो होतो. दिवसाउजेडी, तंबूतल्या सिनेमाच्या मागच्या बाजूने जात होतो, तेव्हा तो आवाज ऐकू आला. तोच आवाज. इतके महिने जो ऐकून माझं डोकं उठलं होतं तो. मी वळून पाहिलं. जमिनीवर, फळ्यांच्या चौकटीवर, हिरव्या रंगाचं एक इंजिन धडधडत होतं आणि त्याला जोडलेल्या डायनामोतून तारा तंबूत गेल्या होत्या. तंबूचा ऑपरेटर संध्याकाळच्या खेळासाठी मशीन तपासून पाहत होता.

मी थेट त्याच्या अंगावर गेलो. "हे कुठून आणलं?"

तो दचकला. पोलीस समजला असावा. "फौजेच्या डिपोतून घेतलं, साहेब. कागद हाये."

मी त्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस निघाला. त्याने मशीन बंद केलं आणि एकेक गोष्ट हाताने दाखवली. युद्धात फौजेला बॅटऱ्या भरायला अशी मशीनं लागायची. युद्ध संपल्यावर ती लिलावात निघाली. इंजिनाला खाली दोन पाय होते, फळीवर बसवायला. "हे पाय करवतीनं कापून कानस मारली का हे कोन्त्याही चौकटीत बसते." एका बाजूला पत्र्याचं झाकण आणि आत पंखा. "हा पंखा सारखा हवा मारते म्हनून हे थंड राह्यते. पंखा काढला त नऊ-दहा मैलांत भट्टी." आणि नंबर? त्याने झाकणावरची पितळी पट्टी दाखवली. "नंबर या पट्टीवर. झाकन काढलं का पट्टी गेली. इंजिनाच्या अंगावर याचा नंबर राह्यतच नाही."

म्हणजे इन्स्पेक्टरला जी घासलेली जागा दिसली ती नंबराची नव्हतीच. ते कापलेल्या पायांचे व्रण होते.

मी त्याच्याकडून सुतळी मागून घेतली आणि सिलेंडरचा घेर, उंची, एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंतचं अंतर, सगळ्याच्या गाठी मारून घेतल्या. यवतमाळला चाचांनी ती सुतळी आमच्या इंजिनाला लावली. एकही गाठ इकडची तिकडे झाली नाही.

इंजिन ओळखलं. पण मी सुटलो नव्हतो. जमादाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, लाइटीचं इंजिन आहे. मंग फटफटीचं कुठं आहे? तूच बदललं असंन."

आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेच तर सगळ्यात चीड आणणारं होतं.

त्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. याडीला मी आजवर काहीच सांगितलं नव्हतं. पोराला ठाण्यात हजेरी लावावी लागते हे आईला कोण सांगेल? पण त्या दिवशी ती भाकरी थापत होती आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. आम्ही आमच्या तांड्याच्या गोरबोलीत बोलत होतो. इथे मराठीत लिहितो.

ती थापता थापता थांबली. "फटफटीचं मशीन? ते तर विहिरीवर आहे."

"कोणत्या विहिरीवर?"

"बगीच्यातल्या. वकिलाच्या पोरीच्या लग्नात दिव्यांसाठी ते हिरवं मशीन आणलं होतं. मग लग्नानंतर ते विहिरीवर लावून पाहिलं, पण त्याला पाणी ओढवेना. मग फटफटीचं पोट काढून विहिरीवर बसवलं आणि हिरव्याला काळा रंग देऊन फटफटीत घातलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आम्ही चौघींनीच तर उचलून नेलं. गोणपाटात घालून. माझा खांदा चार दिवस दुखत होता. फटफटी चालते म्हणालास, मग मी कशाला बोलू?"

मी जर्मन म्हणणाऱ्याला विचारलं होतं, विमान म्हणणाऱ्याला विचारलं होतं, नागपूरच्या दुकानात हसं करून घेतलं होतं. जिने ते इंजिन खांद्यावरून वाहिलं तिला मात्र मी विचारलं नव्हतं. कारण मजुरीला जाणाऱ्या आपल्या आईला इंजिनातलं काय कळणार, असं मलाही वाटत होतं. त्या इन्स्पेक्टरपेक्षा मी काय वेगळा होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी याडीबरोबर बगीच्यात गेलो. झाडांना बहाराचं पाणी चालू होतं. विहिरीच्या काठावर, टिनाच्या छपराखाली इंजिन धडधडत होतं आणि त्याच्यासमोर ट्रकचा जुना पंखा बसवलेला होता. उंच सिलेंडर. पुस्तकातल्यासारखं. मी प्लगची तार ओढून ते बंद केलं. याडीने ओढणीच्या टोकाने त्यावरचा काळा चिकटा पुसला आणि खालून आकडे निघाले. मी खिशातला गाडीचा कागद काढला. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. तेच.

पाणी थांबलं तशा बायका जमल्या. बगीच्याचा कारभारी धावत आला आणि इंजिन सुरू करायला वाकला. मी त्याचा हात धरला. "याले हात लावाचा नाही. ठाण्यातून जमादार येईपर्यंत नाही." मी तांड्यातल्या एका गड्याला चिठ्ठी देऊन ठाण्याकडे पिटाळलं आणि विहिरीच्या काठावर बसून राहिलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

जमादाराच्या आधी वकीलसाहेब जीपमधून आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या शेतात शिरून माझं पाणी बंद करतोस?"

मी बसलेलाच होतो. उठलो नाही. "हे इंजिन माझ्या गाडीचं आहे."

"मूर्खा, चूक होऊ शकते माणसाच्या हातून. मला येऊन सांगायचंस. घरातलं प्रकरण घरात मिटवलं असतं."

"घरात? तुमच्या घरात मला बसायलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही लिहून दिलं, की मूळ इंजिन मीच गायब केलं. सात-आठ महिने मी चोरांच्या बाकावर बसतो आहे."

"मी तुझं नाव चोर म्हणून लिहिलं नव्हतं."

"तांड्यातल्या माणसाविषयी तेवढं लिहिलं की पुरतं. वकील आहात, तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. ते कारभाऱ्याकडे वळून म्हणाले, "हे या बायकांनी सांगितलं का याला?" कारभाऱ्याने याडीकडे पाहिलं. मी उठलो तो तेव्हा. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो. काय करणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. याडीने मागून माझा शर्ट पकडला होता.

जमादार आला. नंबर पाहिला, कागदाशी ताडला आणि त्याचा आवाजच बदलला. मला 'अहो' म्हणायला लागला. मला तो 'अहो' नको होता. पंचनाम्यावर सह्या झाल्या. वकीलसाहेबांनी बोनेटवर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या: नोकरांकडून इंजिनाची अदलाबदल झाली होती, गैरसमजातून पूर्वीचं निवेदन दिलं गेलं.

"नोकरांकडून नाही," मी म्हणालो. "तुमच्या हुकमाने झाली. आणि गैरसमज नाही. खोडा ते."

"एवढंच मिळेल," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

जमादाराने मला बाजूला घेतलं. "तुमचं नाव निघून राह्यलं ना यादीतून? घेऊन टाका." मी घेऊन टाकलं. अजूनही तो कागद माझ्याकडे आहे आणि अजूनही तो वाचताना मला त्या जमादाराचं ऐकल्याचा पस्तावा होतो.

इंजिन बैलगाडीतून यवतमाळला गेलं. चाचांनी ते पंधरा दिवसांत बसवलं. या वेळी प्रत्येक बोल्ट खोलून, प्रत्येक नळी फुंकून. सुरू झालं तेव्हा आवाज इतका वेगळा होता की वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम ठेवून उभे राहिले. चाचा फक्त म्हणाले, "आता हे तेल पिऊन राह्यलं."

गाडी चांगली चालली, बरीच वर्षं. पण ती घेऊन जंगलात मी फार फिरलो नाही. महिन्याभरात माझी बदली पार उमरखेडच्या बाजूला झाली. खाजगी शेतात जाऊन अरेरावी केल्याची तक्रार आल्याचं वरिष्ठांनी सांगितलं. कोणाची ते सांगितलं नाही. "राग आवरायला शिका," ते म्हणाले. मी म्हणालो, "शिकणार नाही, साहेब," आणि बदलीच्या हुकमावर सही केली.

बगीच्यात मात्र वकीलसाहेबांनी याडीला आणि तिच्याबरोबरच्या तिघींना कामावरून काढून टाकलं. मी सुटलो आणि भोगलं त्यांनी. मी याडीला उमरखेडला चल म्हणालो, ती आली नाही. तांड्यातल्याच कोणाच्या शेतात कापूस वेचायला जायला लागली. पुढच्या वर्षी संत्री भरली आणि तोडायला माणसं कमी पडली, तेव्हा कारभारी तांड्यावर आला. मी सुटीवर घरीच होतो. तो म्हणाला, साहेबांनी मागचं सगळं विसरून बोलावलं आहे.

याडी दारात उभी होती, हातात विळा होता. मराठी ती तोलूनमापून बोलायची, पण त्या दिवशी एकेक शब्द स्पष्ट बोलली. "इंजिन उचलाले आमी लागलो. खरं सांगतलं त आमाले काढलं. आता तुह्या साहेबाले सांग, विसराचं का नाही ते आमी ठरवू."

कारभारी 'चला' म्हणून बगीच्याकडे वळला. बाजूच्या झोपड्यांतून त्या तिघीही बाहेर आल्या होत्या, पण चौघींपैकी कोणीही जागची हालली नाही.